फलाटाच्या दारातला बोरीचा काटा

२० नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा. वळकटी, वातीचा स्टोव्ह, कवितांच्या वह्या, खडूचा जुना पत्र्याचा डबा आणि मी, असे सगळे शिवरखेड्याच्या जुन्या स्टेशनात सुखरूप उतरलो. उतरलो म्हणजे रिक्षातून. गाडी आता इथे येत नाही. नवी दुहेरी लाइन गावाबाहेरून गेली, तिकडे चकचकीत फरशीचं स्टेशन झालं आणि भर बाजारपेठेतलं हे दगडी स्टेशन ओस पडलं. रूळसुद्धा उपटून नेले. पण मंगलोरी कौलं, फलाटावरचा निंब, हजारो कोपरांनी गुळगुळीत केलेला तिकीट खिडकीचा लाकडी ओटा, सगळं जागच्या जागी आहे. पाहिलं आणि मनात लगेच भुजंगप्रयात सुरू झाला. लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु. आमची पॅसेंजर याच चालीवर यायची. सारंगखेड्याच्या शाळेत वृत्तं शिकवताना मी टेबलावर हात आपटून हीच गाडी चालवायचो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी द्यायचा.

तो शिट्टी देणारा हेमकांत आता इथल्या नगरपरिषदेत साहेब आहे. त्यानंच मला बोलावलं. स्टेशनाचा प्रदर्शन-हॉल करायचा, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला येणारी माणसं इकडे वळवायची, आणि त्याआधी स्टेशनच्या इतिहासाची पुस्तिका काढायची. ती लोटन सरांनीच, म्हणजे मीच, लिहावी, असं त्यानं भरसभेत सांगितलं म्हणे. राहायला खुद्द स्टेशनमास्तरची खोली. भाग्येशला, माझ्या मुलाला, नाशिकहून हे पटलं नाही. या वयात कुठे पडक्या जागेत राहता, ब्राह्मणपुरीच्या घरात काय कमी आहे, वगैरे. त्याला म्हटलं, तुझी आई शेवटची दिसली ती इथेच.

आल्या आल्या एक काम केलं. मुसाफिरखान्यातून फलाटावर जायच्या दारात कुणीतरी बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या रचून ठेवल्या होत्या. चांगला छातीइतका ढीग. गुरं शिरू नयेत म्हणून असेल. काठीनं ओढून सगळा काटा बाहेर काढला, दार झाडलं, पाणी शिंपडलं. तळहात चांगलाच ओरबाडला, पण दार मोकळं झालं आणि संध्याकाळचं ऊन थेट आत आलं. किती वर्षांनी आलं असेल! दोन ओळी सुचल्या:

न गाडी न घोडा न कोणी प्रवासी
तरी वाट पाहे फलाटी उदासी

वृत्तात चोख बसल्या. आज झोप छान लागणार.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

झोप लागली नाही, कारण खाट नाही. लाइट नाही. नळ आहे, त्याला पाणी नाही. सकाळपासून हेमकांतला फोन लावतोय, तर साहेब मीटिंगमध्ये. दुपारी लागला. म्हणाला, "टेन्शन नका ल्या सर, समदं व्हई जाई." व्हई जाई! या दोन शब्दांवर आख्खी नगरपरिषद चालते.

असो. जागेचं वर्णन करून ठेवतो, पुस्तिकेला लागेल. फलाटाची दोन्ही टोकं नगरपरिषदेनं भिंत घालून बंद केली आहेत. समोर, रूळ होते त्याच्या पलीकडे, जुन्या जिनिंगची उंच भिंत. म्हणजे फलाटावर यायला-जायला एकच वाट, काल मी साफ केलेलं दार. तिकीट घेणारा बाबू त्याच दारात उभा असायचा. गावात त्याला अजून फाटक म्हणतात. माझी खोलीही फलाटावरच उघडते, त्यामुळे मलाही तेच दार.

निर्मलाबद्दल पुस्तिकेत लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. ऑपरेशनसाठी तिला तिच्या भावाबरोबर सुरतेला पाठवलं ते याच फलाटावरून. मी परतीचं तिकीट काढून दिलं होतं. परतीचं तिकीट म्हणजे एकच पुठ्ठा. जाताना अर्धा फाडून घेत, उरलेला अर्धा येताना फाटकात द्यायचा. तिनं तो पर्समध्ये नीट ठेवला आणि खिडकीतून म्हणाली, "ठेसनवर माले लेवाले या बरं." लोकांसमोर ती माझ्याशी शुद्ध बोलायची, अहिराणी फक्त घरातली. त्या दिवशी खिडकीतून बोलली.

मी घ्यायला आलो होतो. निंबाखाली उभा होतो. तिथेच तिच्या भावाचा फोन आला. ती रात्रीच गेली, आणि सगळं सुरतेलाच, तापीकाठी, उरकलं होतं. फोन कानाला असतानाच गाडी आली. थांबली. माणसं उतरली, तिकिटं देऊन बाहेर गेली. गाडी सुटली. मी डब्यांकडे बघत राहिलो. अजून माझं मन मानत नाही की त्या गाडीतून ती उतरलीच नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

आज चिडचिडीचा दिवस. सकाळी उठून बघतो तर फाटकात पुन्हा काटा! पुन्हा ओढून काढला, पुन्हा हात रक्तबंबाळ. चौकशी केली तेव्हा कळलं, हे काम रूपलीबाईचं. स्टेशनाबाहेर उकडलेल्या शेंगा विकते ती म्हातारी. पावरा आदिवासी आहे, म्हसावदच्या वरच्या अंगाची, पण बरीच वर्षं इथेच पालात राहते, सुनेला घेऊन. मी तिला समजावून सांगितलं की बाई, इथे मोठमोठी माणसं येणार, दारात काटे बरे दिसत नाहीत. ती शेंगा मोजत राहिली. मग म्हणाली, राहू दे ना गुरुजी, तुला काय चावतो काटा? ही माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, त्यात अपमान नसतो. पण कारण काही सांगेना. इथे बोलायची गोष्ट नाही म्हणाली. काटा टाकला तर नगरपरिषदेचा माणूस तुझी टोपली उचलेल, असा मीच तिला दम दिला.

नंतर वाईट वाटलं. शेंगा घेतल्या, खारट होत्या.

पुस्तिकेसाठी डोंगरातल्या माणसांवर एक परिच्छेद झाला. दिवाळी सरली की ही माणसं ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जायची. गडी आधी जायचा, काम लागलं की आठ-पंधरा दिवसांत परत यायचा, बायकोपोरांना घेऊन पुन्हा जायचा. आणि त्यांची एक रीत: तिकीट बाबूच्या हातात दिल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबू चहाला गेला असेल तर ओळीनं फलाटावर बसून राहायचे. शहरातली माणसं त्यांना हसत बाजूनं निघून जायची. मला मात्र ते दृश्य फार आवडायचं. प्रार्थनेला बसलेल्या शाळेसारखं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी हेमकांतच्या नादी न लागता मीच हालचाल केली. बाजारात चार ठिकाणी कागद डकवले: स्टेशनच्या आठवणी, फोटो, जुन्या वस्तू कुणाकडे असतील तर दुपारनंतर स्टेशनात लोटन सरांकडे आणून द्याव्यात. दुपारी फाटकात खुर्ची टाकून बसलो. शेजारी खडूचा डबा, वस्तू ठेवायला.

आणि उन्हं उतरताना खरंच माणसं आली! कसलेल्या अंगाची, काळी, अबोल. एकेकानं हात पुढे केला आणि माझ्या हातावर पुठ्ठ्याचं तिकीट ठेवलं. आमच्या स्टेशनात शेवटपर्यंत कॉम्प्युटर आला नव्हता, पुठ्ठ्याचीच तिकिटं चालायची, तीच ही. 'शिवरखेडा' ठळक छापलेलं, कडा जराही न झिजलेल्या. मी भारावून गेलो. एकेकाचे आभार मानले, नाव विचारलं, एखादी आठवण सांगा म्हटलं. छे! एक अक्षर नाही. तिकीट दिलं की फाटकातून बाहेर, बाजाराच्या गर्दीत. देणगीदार असावा तर असा आणि नसावा तर असाही.

तिकिटं कोमट लागली. खिशात घट्ट धरून आणली असतील.

२७ नोव्हेंबर, सोमवार

हेमकांत येऊन गेला, खाटेशिवाय. सोबत फोटोग्राफर. इतिहासाची पानं दाखवली, तर म्हणतो सर, हे मजुरांचं वगैरे काढून टाका, प्रेरणादायी काहीतरी घाला. आणि सगळं दोन पानांत बसवा, बाकी फोटो. दोन पानांत! मी वर्गात असतो तर त्याला ओणवा उभा केला असता.

तिकिटांनी भरत आलेला डबा दाखवला तेव्हा मात्र खूश झाला. डबा हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. उन्हात ठेवला होता का म्हणाला. सावलीतच होता.

आजही माणसं आली. एकाला मी सोडलंच नाही. हात धरला आणि म्हटलं, बाबा, निदान नाव तरी सांगून जा, पुस्तकात छापतो. शेवटी म्हणाला, दलसिंग. गाव? डोंगराकडे हनुवटी केली. काय काम करतोस? त्यावर म्हणाला, "खोदाई. घरना लोकेसले लेवाले उनू." खोदाईचं काम करतो, घरच्यांना न्यायला आलोय. चला, म्हणजे अजून ती रीत चालू आहे. एक वाक्य का होईना, मिळालं! हात सोडला तर माझ्या बोटांना ओली माती.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी रूपलीबाईकडे शेंगा घ्यायला गेलो. काट्यावरून झालेलं भांडण मिटवावं म्हणून गप्पा काढल्या. म्हटलं, तुमच्या लोकांची मला फार मदत होते. काल दलसिंग म्हणून एक जण तिकीट देऊन गेला, चांगला बोलला.

तिच्या हातातलं माप खाली पडलं. शेंगा रस्त्यावर. वेचल्यासुद्धा नाहीत.

मला स्टेशनापासून लांब, पार बाजाराच्या टोकापर्यंत घेऊन गेली आणि मग बोलली. दलसिंग तिचा मुलगा. स्टेशन बंद व्हायच्या आदल्या साली गुजरातेत पाइपाची चारी खोदताना माती अंगावर आली. तिकडेच जाळला. घरच्यांना न्यायला येतो म्हणून सांगून गेला होता. तिच्या माणसांत असं बाहेर मेलेल्याची वाट काट्यानं बांधतात, म्हणजे तो यायचा थांबतो. नाहीतर येतो, आणि ज्याला न्यायचं राहिलं असेल त्याला घेऊन जातो. त्यात त्याचा राग नसतो, म्हणाली. कबूल केलेलं असतं. दर अवसेला ती फाटकात नवा काटा टाकायची, बोलायची कुणाशी नाही, कारण त्या जागी त्यांची नावं घ्यायची नसतात. आणि बाकीचे जे उतरले, त्यांचीही कुठे कुठे घरं असतील.

मी तिची समजूत घातली. म्हटलं, नावासारखं नाव असतं.

ती म्हणाली, "गुरुजी, काटा तूच काढा. तिकीट तूच लिधं. आते तूच बंद कर." काटा मीच काढला, तिकिटं मीच घेतली, म्हणे.

दुपारी खुर्ची टाकली नाही. खोलीत बसून एक गोष्ट आठवायचा प्रयत्न करतोय आणि वैताग येतोय. मी फाटकात बसतो, तोंड बाजाराकडे करून. मग ती माणसं आत कधी आली? कधीच नाही. प्रत्येक वेळी माझ्या पाठीमागून आली. फलाटावरून.

फलाटावर यायला दुसरी वाट नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

हेमकांतला सगळं सांगितलं. आधी हसला, मग हळू आवाजात विचारलं की सर, गोळ्या वेळेवर घेता ना? भाग्येशला कळवू का म्हणाला. मी फोन ठेवला. पोरांना वृत्तं शिकवून आयुष्य घालवलं आणि शेवटी माझं बोलणं मीटरमध्ये बसत नाही असं हे ठरवणार!

घरी जायला हवं. वळकटी बांधली. मग निंबाकडे नजर गेली आणि वळकटी पुन्हा सोडली.

कारण दिवसभर एकच विचार. ती सगळी बाहेर गेलेली, तिकडेच जळलेली, परतीचं तिकीट राहून गेलेली माणसं. मग निर्मला?

३० नोव्हेंबर, गुरुवार

फलाटावर रविना बसली आहे. रूपलीबाईची सून, दलसिंगची बायको. सकाळपासून. शेजारी गोधडीचं बोचकं, पातेलं, कोयता. अंगावर नवं लुगडं. मी म्हटलं, बाई, इथे गाडी येत नाही. ती मान हलवते, कळतं मला अशी. म्हणाली, तो घरी आला, पालाच्या दारात बसला, जेवला नाही. म्हणाला, गाडीवर ये. सांगताना लाजली. किती वर्षं एकटीनं काढली आहेत तिनं.

अंगाला हात लावला. तापानं फणफणलेली.

रूपलीबाई तिला ओढून नेते, ती परत येऊन बसते. तोंड रुळांकडे, जिथे रूळ नाहीत तिकडे.

संध्याकाळी दलसिंग फाटकातून आत आला. बाजारातून. माझ्या अंगावरून गेला. तिच्याजवळ बसला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिनं पदर सारखा केला.

गाडी आली नाही. हे तरी बरं. तो तसाच बसून आहे.

१ डिसेंबर, शुक्रवार

आता बाकीचेही परत येत आहेत. दिवसाउजेडी, बाजारातून, एकेक. कुणाबरोबर एखादं माणूस, कुणी एकटाच. ओळीनं बसतात. प्रार्थनेच्या शाळेसारखे — हे मीच लिहिलं होतं. फाडून टाकावंसं वाटतंय ते पान.

मी ओरडलो. उठा म्हटलं, निघा. वर्गात ओरडायचो तसा. सगळ्या माना वळल्या. बरोबर आलेल्या जिवंतांच्याही. त्यांची तोंडं सारखीच झाली आहेत.

कौलं हलतात. थोडीशी. लघु गुरु गुरु.

रूपलीबाई फाटकाबाहेर बोरीचा काटा तोडून घेऊन उभी. डोकं शांत आहे तिचं, मी मात्र तिच्यावरच खेकसलो. तू आधीच का नाही सांगितलंस म्हणून. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ज्याचं ज्याचं तिकीट घेतलं त्याला त्याला परत दे. तिकीट मिळालं की एकटे जातील. मग काटा टाक. पण गाडी यायच्या आत. गाडी लागली की रविना गेली.

करतो म्हटलं. उद्या सकाळी.

ती म्हणाली, आज का नाही?

मी निंबाकडे बघत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुन्हं कोण शे गुरुजी, त्या गाडीमा?"

२ डिसेंबर, शनिवार

काय मूर्खपणा. रात्रभर हिशेब मांडत होतो की एकच दुपार थांबलो तर रविनाचं काय मोठं — असा विचार मी केला. मी. कागदावर असू दे.

सकाळी डबा घेऊन फलाटावर गेलो. एकेकाच्या हातावर तिकीट ठेवलं. हात सगळे तव्यासारखे. ज्याला दिलं तो उठला, रुळांच्या जागेकडे चालत गेला आणि मग नव्हता. बरोबरची माणसं डोळे चोळत उभी राहिली, घरी गेली. कुणी विचारलंसुद्धा नाही.

दलसिंग तिकीट घेईना. दोनदा खाली ठेवलं. मग मी हात जोडले. म्हटलं, बाबा, तुझी आई बाहेर उभी आहे, तिला कुणी नाही. त्यानं फाटकाकडे पाहिलं. बराच वेळ. मग घेतलं.

रविना कोसळली. रूपलीबाईनं तिला पाठीवर घेतली. या वयात! अंग गार झालं होतं, म्हणजे ताप उतरला.

डबा रिकामा. आता फक्त काटा टाकायचा.

दुपारी

टाकला नाही. रूपलीबाई सुनेला घेऊन पालात गेली आहे. फांद्या दाराच्या कडेला पडून आहेत. मी फक्त —

पॅसेंजरची वेळ झाली की बघून —

नाही आली. उद्या.

३ डिसेंबर, रविवार

रविना पुन्हा आली! फाटक उघडं आहे म्हणून. बोचकं नाही, काही नाही, झोपेत चालल्यासारखी. माझ्यामुळे. तिला खांदे धरून बाहेर ढकललं. रूपलीबाईनं धरलं. म्हातारी मला काही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

आता टाकतो.

पण कौलं थरथरतात. गाडी जवळ आहे. लघु गुरु गुरु, अगदी स्वच्छ. ही निर्मलाची गाडी. बाहेर उभं राहून काटा टाकला तर ती आत आणि मी —

आतून टाकतो. आतूनही बंद होतं. रविना यायची नाही, आणि मला निर्मलाला घ्यायला जाता येईल.

*

टाकला. छातीइतका. बाहेरून रूपलीबाई हाका मारते आहे. बाहेर ये गुरुजी, बाहेर येऊन बांध. म्हटलं, रविनाला सांभाळ. शेंगांचे पैसे — जाऊ दे.

*

थांबली. रूळ नाहीत, तरी थांबली. पांढरं ऊन, धूर नाही. राखेचा वास.

*

निंबाखाली.

निळ्या काठांची साडी, तीच. पर्स. तोंड अजून नीट — ऊन आहे डोळ्यांवर.

"माले लेवाले उनात ना?"

उनू ना, म्हटलं. आलो ना. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता भीती वाटते, किती वैताग आहे हा. स्वतःचाच.

*

हात पुढे केलाय. अर्धं तिकीट.

घेत नाही. घेतलं तर बाहेर निघेल आणि बाहेर काटा आहे. न घेतलं तर इथेच बसेल. बस ना म्हटलं, निंबाखाली. खोलीत ये, स्टोव्ह आहे. बसत नाही. लिहितोय तोवर थांबेल. माझं लिहून होईस्तोवर ती नेहमी थांबायची, चहा गार व्हायचा —

हसते आहे. तोंड दिसलं —

दुसरा हात पदरातून काढला. त्यात आख्खं तिकीट. कोरं. न फाडलेलं. माझ्या हातावर —

कोमट.

"चला आते."

थांब म्हटलं. एवढी एक ओळ पुरी करतो —

अता येत गाडी, अता ये